दिराच्या पायातला बूट

इस्राएलमधल्या बीरशेबाच्या रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, कचेरीतून फोन आला तेव्हा मी दुकानात एका आजोबांच्या चष्म्याची दांडी घट्ट करत होते. फोनवरची बाई मराठी बोलत होती. आपली आई अलिबागकडची, हे तिने आधीच सांगून टाकलं. माझ्या लग्नाच्या अर्जाचे कागद तिच्या समोर होते.

“मिस्टर गेले तेव्हा मूलबाळ?”

“नाही.”

“मिस्टरांना भाऊ?”

“एक आहे. धाकटा. लग्न नाही झालेलं.”

“मग तुम्हाला असं लगेच लग्न नाही हो करता येणार. आधी हलित्सा करावी लागेल.”

शब्द मी लहानपणी कधीतरी ऐकला होता, अर्थ माहीत नव्हता. तिने तो भाजीची कृती सांगावी तसा सांगितला. मूलबाळ नसताना नवरा गेला, तर त्याची बायको त्याच्या भावाला बांधलेली राहते. जुन्या काळी भाऊ तिच्याशी लग्न करायचा. आता तसं करत नाहीत, पण बंधन काही आपोआप सुटत नाही. ते सोडवायला दिराने पंचांसमोर म्हणायचं, मला ही नको. मग भावजयीने त्याच्या उजव्या पायातला बूट स्वतःच्या हाताने काढायचा, लांब टाकायचा आणि त्याच्या समोर जमिनीवर थुंकायचं.

“आणि दीर तयार नाही झाला तर?”

“तर तुम्ही अडकलात,” ती म्हणाली, आणि दिराचा पत्ता लिहून घेतला.

आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. पूर्वी कोकणात आमच्या लोकांचे तेलाचे घाणे असायचे, आणि शनिवारी घाणा बंद म्हणून लोक आम्हाला शनवार तेली म्हणायचे. माझ्या नवऱ्याचे आजोबा घाट चढून भोर संस्थानच्या नोकरीत आले आणि इथलेच झाले. भोरात आता आमचं एकच घर उरलं आहे, म्हणजे मीच. नवरा आणि मी मिळून बाजारपेठेत चष्म्याचं दुकान चालवत होतो. ते मी अजून चालवते. माणसाला खरंच काय दिसतं आणि काय दिसल्यासारखं वाटतं, यातला फरक काढणं हा माझा धंदा आहे. पुढचं वाचताना एवढं लक्षात ठेवा, म्हणजे मला बावळट समजणार नाही.

ज्याच्याशी मला लग्न करायचं होतं तो बीरशेबातला माणूस विधुर आहे, बस चालवतो. दीड वर्षं आम्ही मोबाईलवर एकमेकांना बघून बोलत होतो. तो फोन असा काही धरतो की मला त्याच्या तोंडापेक्षा कपाळच जास्त पाठ झालं आहे. सत्तेचाळिसाव्या वर्षी पोटात फुलपाखरं-बिलपाखरं म्हणायला लाज वाटते, पण त्याचा फोन यायच्या आधी मी वेणी नीट करायचे, हे खरं. मला जायचं होतं. रिकाम्या घराला कुलूप लावून रिकाम्या घराचं कुलूप उघडायचा मला मनापासून वीट आला होता.

नवरा गेला त्याला तेव्हा दोन वर्षं होत आली होती. सकाळी दुकानाचं शटर वर करताना तो खाली बसला, तो बसलाच. सात दिवस आम्ही रीतीप्रमाणे जमिनीवर बसलो. आठव्या दिवशी मी कपाट उपसलं. त्याची पुण्याची म्हातारी आत्या मला म्हणाली, “कपडे कुणालाही दे. पायातलं मात्र देऊ नकोस. गेलेल्या माणसाचं पायातलं आपल्यात कुणी घालत नाही.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तपकिरी चामड्याचे सँडल होते, महिन्यापूर्वी पुण्यात घेतलेले. चार-पाच वेळा घातले असतील. तळाला चिकटवलेलं लेबलसुद्धा निघालं नव्हतं. समोर दीर बसला होता, पायात झिजलेल्या रबरी स्लिपर. दोघा भावांचं माप एकच. मी सँडल त्याच्या पुढ्यात ठेवले. त्याने घातले, उभा राहिला, दोन पावलं टाकली. आत्या उठून आत गेली आणि पुण्याला परत जाईपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

दीर वेल्ह्याला राहतो, तोरण्याच्या पायथ्याला. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो, थोडी भातशेती आहे, एक म्हैस आहे. माणूस इतका अबोल की वर्षभरातली त्याची वाक्यं मोजता येतील. चालणं डोंगरातल्या माणसासारखं, आवाज न करता. माझ्या नवऱ्याचं नेमकं उलटं होतं. लहानपणी घोटा मोडून वाकडा बसला होता, त्यामुळे उजवा पाय फरफटायचा. एक पाऊल टप, दुसरं सर्र. सव्वीस वर्षं मी तो आवाज ऐकला.

त्या वर्षीचा पावसाळा सरला तसा दीर तांदूळ घेऊन आला. मी आत चहा ठेवत होते. दुकानाला तीन दगडी पायऱ्या आहेत. टप, सर्र. टप, सर्र. “आलात? मुकाट्याने बिनसाखरेचा घ्यायचा,” मी आतूनच ओरडले, कारण नवऱ्याला मधुमेह होता आणि तो रोज साखरेवरून कटकट करायचा. दोन कप ओतून झाल्यावर मला आठवलं की नवरा मेलेला आहे.

बाहेर दीर उभा होता, खांद्यावर पोतं.

“भाऊजी, पाय दुखावला का?”

“न्हाई वहिनी. का?”

त्याला खरंच माहीत नव्हतं. तो हात धुवायला मागे गेला तेव्हा मी सँडल उलटे करून बघितले. डाव्याचं लेबल जागेवर होतं, उजव्याचं घासून गेलं होतं. नवऱ्याने चार-पाच दिवसांत सोल एका बाजूने झिजवला असणार, त्या झिजेने याची चाल बदलली असणार. मला हे पटलं. मला ते पटवून घ्यायचंच होतं.

पुढे तो महिन्यातून एकदा, मग दोनदा यायला लागला. नवऱ्याच्या स्टुलावर बसायचा. फ्रेम वाकडी आहे का बघायला ती उजेडात धरून डावा डोळा मिटायचा. नवऱ्याखेरीज तसं करणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. बारीक स्क्रूचा डबा मी कुठे ठेवते हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्याचा हात सरळ त्या खणाकडे गेला. एकदा किकवीचे एक जुने गिऱ्हाईक आले, दिराशी दहा मिनिटं बोलले आणि जाताना मला म्हणाले, “मालकांची तब्येत आता झकास दिसतीया.” मी हसून म्हटलं, काका, नंबर वाढलाय तुमचा, परत तपासू. ते गेल्यावर मी भर दुपारी शटर निम्मं खाली ओढलं आणि पाणी पीत बसले.

हे सगळं मी बीरशेबाला कधी सांगितलं नाही. काय सांगणार?

फोन आल्यानंतरच्या शुक्रवारी मी दिराला विचारायला निघाले. नसरापूर फाट्याला गाडी बदलून वेल्ह्याला उतरले. कचेरी, बाजार मागे टाकला की पाऊण मैलावर त्याचं घर. भात कापून झालं होतं आणि ऊन चांगलं तापलं होतं. शेजारच्या खळ्यावर एक म्हातारी भात झोडत होती. मला बघून ती थांबली.

“जावा, जावा. दोगंबी हाईत घरात. सकाळधरनं बोलत्यात.”

“दोघं कोण?”

“भाऊ-भाऊ की. ह्यो आपला मुका. पर थोरला आल्यापासनं लई बोलाय लागलाय बगा.”

“आजी, थोरला म्हणजे माझा नवरा. ते वारले. दोन वर्षं झाली.”

म्हातारीने माझ्याकडे नीट बघितलं. “व्हय का,” म्हणाली, आणि पुन्हा भात झोडायला लागली.

दीर पडवीत बसला होता, एकटाच. पुढ्यात दोन कप होते. एक रिकामा, दुसरा भरलेला, वर साय धरलेली. मी बसले, आणि तो माझ्यासाठी पाणी आणायला आत गेला तेवढ्यात तो भरलेला चहा चाखून बघितला. तोंडाची चव गेल्यासारखी झाली. त्यात साखर नव्हती.

मी त्याला सगळं सांगितलं. बीरशेबाचं, बुटाचं, थुंकण्याचं. तो मान खाली घालून ऐकत होता. लग्नाचं ऐकल्यावर त्याने एकदा वर बघितलं, तेवढंच.

“बूट काढाय माजं काय जातंय, वहिनी,” तो शेवटी म्हणाला. “पर दादा नको म्हणतोय.”

“काय म्हणालात?”

“दादा नको म्हणतोय. तुमी यायच्या आदी सांगितलं त्यानं. ती येईल, तिला न्हाई म्हन.”

भीती वाटली का? वाटली. मानेपासून खाली काटा आला, आणि मागे भिंत होती तरी मागे कुणीतरी आहे असं वाटलं. पण मला भीती वाटली की तिच्या पाठोपाठ राग येतो, हा माझा जुना दोष. सव्वीस वर्षं या माणसाने कोणती साडी, कोणती गाडी, किती वाजता दुकान, सगळं ठरवलं. मेल्यावरही याचंच चालायचं?

“भाऊजी, मी माझ्या हातांनी माती टाकलीय त्यांच्यावर,” मी म्हटलं. “तरी त्यांना नको म्हणायचं असेल तर पंचांसमोर माझ्या तोंडावर म्हणू देत. मी पंचांना घेऊन येते.”

“बरं,” दीर म्हणाला. “इचारतो.”

महिन्याने पंच आले. इस्राएलहून पुण्यात आलेले एक रब्बी आणि पुण्यातले आमचे चौघं. त्यांतले एक प्रार्थना चालवणारे हजान. ते रब्बींचं बोलणं मराठीत सांगत. दीर वेल्हे सोडायला तयार नव्हता, म्हणून तेच तिथे आले. जागा आदल्या दिवशी ठरवावी लागते, म्हणून एक दिवस आधी येऊन पडवी बघून गेले होते. मी सकाळच्या गाडीने पोचले, उपाशीपोटी, कारण थुंकी पडेपर्यंत बाईने काही खायचं नसतं. दिवसा, सूर्य वर असतानाच हे करायचं असतं. अंगणात सतरंजी घातली होती, खुर्च्या शेजारून आणलेल्या. म्हातारी कुंपणापलीकडे उभी होती. तिला कुणी जा म्हटलं नाही.

रब्बींनी कापडी पिशवीतून बूट काढला. असा बूट मी पाहिला नव्हता. सगळा चामड्याचा, शिवणसुद्धा चामड्याची, एकही खिळा नाही, वर लांब लांब वाद्या. काळा पडलेला. किती दिरांनी तो घातला असेल आणि किती बायकांनी सोडला असेल, असं माझ्या मनात आलं.

आधी दिराला अंगणात चालायला सांगितलं. पहिलं पाऊल तो कोणतं टाकतो हे बघायचं असतं. तो चालला. टप, सर्र. टप, सर्र.

रब्बींनी हात वर करून त्याला थांबवलं. हजानांकडे वळून पुष्कळ बोलले. हजानांचा चेहरा उतरला.

“ते म्हणतात, पाय जर जन्माचा वाकडा असेल, टाच नीट टेकत नसेल, तर हलित्सा होऊ शकत नाही. तुमचा पाय असा कधीपासून आहे?”

“त्यो माजा पाय न्हाई,” दीर म्हणाला.

अंगणात फक्त म्हशीच्या साखळीचा आवाज होता.

“म्हणजे?” हजानांनी विचारलं.

“दादाचा हाय.”

हजानांनी हे रब्बींना सांगितलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझं सगळं पुढचं आयुष्य त्या अंगणात लटकत होतं, आणि तोंडाला कोरड पडली होती. “त्यांना सँडल काढायला सांगा,” मी म्हटलं. “अनवाणी चालायला सांगा.”

दीर वाकला. बक्कल सोडायला त्याला फार वेळ लागला. सँडल पायरीपाशी ठेवून तो परत चालला, अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आवाज न करता, सरळ. रब्बी खाली वाकून त्याच्या टाचा बघत होते. त्यांनी मान हलवली. माझा जीव भांड्यात पडला.

मग त्याचा उजवा पाय धुतला. तो पडवीच्या भिंतीला टेकून उभा राहिला, त्याच्या पायात तो बूट चढवला, वाद्या गुंडाळून गाठी मारल्या. चार पावलं चालवलं. मला रब्बी सांगतील ते हिब्रू शब्द म्हणायचे होते, ते मी म्हटले: माझा दीर आपल्या भावाचं नाव राखायला तयार नाही. त्याला त्याचे म्हणायचे होते. त्यानेही म्हटले, अडखळत. पण त्याला अर्थ कळलाय याची रब्बींना खात्री हवी होती.

“मराठीत म्हणा,” हजान म्हणाले. “मला हिला घ्यायची इच्छा नाही.”

दिराने डोकं किंचित मागे वळवलं, भिंतीशी कुणी कानात बोलत असावं तसं. मी त्याच्याकडे बघत होते. भर दुपारची वेळ, डोक्यावर ऊन, समोर एकच माणूस, आणि मला तो एक वाटत नव्हता.

“मला हिला,” त्याने सुरुवात केली आणि थांबला. घसा खाकरला. “मला हिला घ्यायची इच्छा न्हाई.”

मी खाली बसले. गाठी उजव्या हातानेच सोडायच्या, डावा लावायचा नाही. वाद्या सुटत गेल्या. मग डाव्या हाताने टाच उचलली, उजव्याने बूट ओढला. पाय बाहेर आला तो मी ओळखला. दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब, नखं रुंद. सख्ख्या भावांचे पाय सारखे असायचेच. पण तो गार होता. इतका गार पाय मी एकदाच धरला होता, दुकानाच्या शटरखाली. मी बूट फेकला तो सतरंजीच्या पार पलीकडे पडला.

“आता थुंका,” हजान म्हणाले. “पंचांना जमिनीवर दिसली पाहिजे.”

तोंडात काहीच नव्हतं. जीभ टाळूला चिकटलेली. मी गाल चोखले, डोळे मिटले, काही येईना. सगळे थांबले होते. रब्बी हळूच काही म्हणाले; हजान म्हणाले, सावकाश. आणि मी डोळे उघडले तेव्हा मला कळलं की तोंड कोरडं नव्हतं, मला थुंकायचंच नव्हतं. हा पाय गरम होईपर्यंत धरून बसावं, असं वाटत होतं. मग ते शब्द आठवले, दादा नको म्हणतोय. ती येईल, तिला न्हाई म्हन. डोक्यात अशी सणक गेली की मी त्या भिंतीकडे बघून, दिराच्या खांद्यावरून मागे बघून मनात म्हटलं, तुम्ही आता मला काही सांगायचं नाही. आणि थुंकले. चांगली थुंकले.

पंचांनी तीनदा म्हटलं, बूट काढलेला, बूट काढलेला, बूट काढलेला. संपलं.

सगळे दाखला लिहायला गाडीपाशी गेले. दीर पडवीच्या पायरीवर बसला, अनवाणी. मी त्याच्या शेजारी थोडं अंतर सोडून बसले. तो रडत होता. चाळीस-बेचाळीस वर्षांचा माणूस, आवाज न करता रडत होता.

“दादा गेला, वहिनी.”

आता यावर मी काय म्हणायला हवं होतं हे मला ठाऊक आहे. चष्म्याचं दुकान असलेल्या बाईने काय म्हणायला हवं, तेही ठाऊक आहे. “कधी?” मी विचारलं.

“तुमी थुंकला तवा. माज्या मागं भिताडाला टेकून हुता. मग न्हवता.”

मी त्याच्यावर थुंकले होते. सव्वीस वर्षांच्या माणसाला मी असं घालवलं. “काही म्हणाले?”

“न्हाई.”

“कुठल्या बाजूला गेले?”

“म्या बगितलं न्हाई,” दीर म्हणाला. त्याने डोळे पुसले आणि अंगणाकडे बघत राहिला. “म्या तुमच्याकडं बगत हुतो.”

दोन वर्षं तांदूळ, स्टूल, बिनसाखरेचा चहा. नको म्हणणारा कोण होता, दादा की हा, की दोघंही, ते मला तेव्हाही नीट कळलं नाही आणि आता कळायचा मार्ग नाही. एवढं मात्र कळलं की पंचांसमोर, मराठीत, त्या माणसाला काय म्हणायला लावलं होतं.

हजान दाखला घेऊन आले. शाई ओली होती, म्हणून त्यांनी तो दोन्ही हातांनी आडवा धरला होता. त्यांनी तो मला मराठीत वाचून दाखवला, दिरासमोरच. ही बाई आता मोकळी आहे. तिने वाटेल त्या माणसाशी लग्न करावं, फक्त याच्याशी करता येणार नाही, कधीही नाही.